मॅडमना कळू देऊ नये

"एवढ्या सह्या करून टाका म्याडम, कुरियरवाला खोळंबलाय," असं म्हणत उत्तमनं कागदांची चळत माझ्यापुढे ठेवली आणि तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

मी सह्या करायला घेतल्या. गेट पास, चेंबरच्या तापमानाचा तक्ता, रिकाम्या खोक्यांची मागणी. पुढचा कागद हातात घेतला आणि पेन हवेतच राहिलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बॉस डेनिमित्त आमच्या मॅडमविषयी पाच गमतीदार गोष्टी’. त्याखाली लाल शाईनं, दोनदा अधोरेखित करून, ‘गुप्त. मॅडमना कळू देऊ नये.’ आणि अगदी तळाला, नेहमीच्या जागी, ‘मॅडमची सही’.

मी काचेतून बाहेर बघितलं. उत्तम कुरियरवाल्याला तंबाखू मळून देत होता. चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नाही. त्याला तरी काय बोलायचं? या ऑफिसातून माझ्या सहीशिवाय चिठोरंसुद्धा बाहेर जाणार नाही, हा नियम माझाच. इतक्या वर्षांत तो त्याच्या इतका अंगवळणी पडला होता की उद्या माझ्याविरुद्ध तक्रार करायची झाली असती, तरी ती त्यानं आधी माझ्याकडेच सहीला आणली असती.

आमचं युनिट म्हणजे तासगावच्या बाहेर माळावर उभं असलेलं बेदाण्याचं शीतगृह आणि त्याला लागून निवडणीची शेड. आजूबाजूच्या गावांतून बेदाणा यायचा. शेडमधल्या बायका लांबलचक टेबलांवर तो पसरून काड्या, खडे, डागी मणी वेगळे काढायच्या, रंगाप्रमाणे ढीग लावायच्या, आणि मग खोकी भरून चेंबरमध्ये जायची. चेंबर चार डिग्रीवर ठेवावं लागतं. पाठीमागे मलाही सगळे ‘चार डिग्री’च म्हणत. हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

नाव चुकीचं होतं असंही नाही. मी कामाशी काम ठेवणारी बाई. शेडमध्ये प्रत्येकीची जागा ठरलेली, जागेला नंबर, आणि मी हाक मारायची ती त्या नंबरानं. "सात नंबर, काड्या राहिल्यात." "बारा नंबर, तोंड कमी, हात जास्त." धुरळ्यासाठी सगळ्या जणी नाकातोंडावर ओढणी नाहीतर टॉवेल बांधून बसायच्या, त्यामुळे दिसायचे ते नुसते डोळे, आणि मी आले की तेही खाली. मीही कधी वर बघितलं नाही. माझी नजर टेबलावर, बेदाण्यावर आणि तो निवडणाऱ्या बोटांवर.

आता त्या कागदावरच्या पाच गोष्टी ऐका. ‘मॅडम मनानं फार प्रेमळ आहेत. मॅडमना शाळेत लेझीममध्ये पहिला नंबर मिळाला होता. मॅडम शेडमध्ये आल्या की विनोद सांगतात. मॅडमना शेडमधल्या सगळ्या बायकांची नावं पाठ आहेत. मॅडमना चहा फार आवडतो.’

पाचही थापा! चहा मी पित्तामुळे कधीच सोडला होता. विनोद मला सांगता येत नाही, दुसऱ्यानं सांगितला तर तो संपला हेही उशिरा कळतं. आणि लेझीम मी आयुष्यात एकदाच हातात धरली होती, शाळेच्या खोलीतून मैदानावर पोचवायला.

एरवी मी कागद फाडून उत्तमच्या हातात दिला असता. पण त्या आठवड्यात माझी स्वतःचीच मान अडकली होती. आमचे जुने मालक युनिट विकून मोकळे झाले होते आणि पुण्याच्या नव्या कंपनीची ईशानी नावाची मुलगी मला फोनवर गोड आवाजात म्हणाली होती, "मॅडम, तुमच्या युनिटचं काम एक नंबर आहे. पण आमच्या पाहणीत दिसतं की लोक तुम्हाला घाबरतात. सोळा ऑक्टोबरला बॉस डे असतो ना, तेव्हा शार्दूल सर स्वतः येतील. तुमचं आणि टीमचं कसं जमतं ते बघतील."

"आणि नाही जमत असं दिसलं तर?"

"तर तुम्हाला पुण्याला सल्लागार म्हणून घेऊ. छान केबिन असेल."

"आणि इथे?"

"इथे नवीन मॅनेजर येतील."

सल्लागार! म्हणजे पंख्याखाली बसून चहा प्यायचा, तोही मी पीत नाही. हे युनिट म्हणजे नुसती पत्र्याची शेड होती, तेव्हापासून मी इथे होते. पहिलं चेंबर सुरू झालं तेव्हा मशीनचा आवाज ऐकत मी दारात उभी राहिले होते आणि मला रडू आलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला इथून हलायचं नव्हतं, आणि ‘मला ठेवून घ्या, चांगलं बोला’ असं त्या बायकांना सांगायला जीभ रेटत नव्हती.

म्हणून मी सही केली. शिवाय ज्या कागदावर कुणीतरी मला प्रेमळ म्हटलंय, तो फाडायला हातही होईना.

"झाल्या?" उत्तम आत आला.

"झाल्या. ने."

त्यानं बाहेर जायचे कागद पाकिटात घातले, उरलेले फायलीला लावले, पाकीट कुरियरवाल्याला दिलं, आणि तो निर्धास्तपणे जागेवर जाऊन बसला.

घरी गेल्यावर मी आमच्या ह्यांना विचारलं, "अहो, तुमच्या शाळेत लेझीम आहेत ना? एक आणाल?"

हे शाळेत चित्रकला शिकवायचे. ब्रश धुता धुता त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "कशाला? कुणाला मारायचंय?"

मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की खुर्चीवर बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "बॉसचा पण दिवस? हे कुणी काढलं?"

"ती ईशानी सांगत होती, अमेरिकेत कुण्या मुलीनं काढला म्हणे. तिचा बॉस म्हणजे तिचा बापच होता, त्याच्या वाढदिवसाची तारीख दिली."

"बरोबर आहे. बैलांचा पोळा असतो, मग बॉसनंच काय घोडं मारलंय? शिंगं रंगवून देऊ का?"

"लेझीम आणा. आणि एक विनोद शिकवा, छोटासा."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे गच्चीवर आमचा वर्ग सुरू झाला. हे आकडे मोजायचे आणि मी वाकायची. "खाली, वर, डावीकडे! अगं, डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे!" माझ्या हातात लेझीम म्हणजे किल्ल्यांचा जुडगा पडल्यासारखी वाजायची. शेजारच्या गच्चीवर तुळशीला पाणी घालायला आलेल्या कुसुमवहिनी तांब्या हातात धरून उभ्याच राहिल्या.

"काय हो, गणपती तर होऊन गेले."

"व्यायाम!" मी म्हटलं.

"डॉक्टरनं सांगितलाय, पित्तावर," हे म्हणाले.

विनोद पोपटाचा होता. एक बाई पोपट विकत घ्यायला दुकानात जाते, तिथे तो पोपट तिला काहीतरी बोलतो. यांनी तो मला इतक्या वेळा सांगितला की पुढेपुढे तेच वैतागले.

उरली नावं. ऑफिसात आल्या आल्या मी उत्तमला म्हटलं, "आजपासून हजेरी गेटवर घ्यायची नाही. सगळ्या जागेवर बसल्या की शेडमध्ये घ्यायची. नाव पुकारायचं, आणि जिचं नाव तिनं हात वर करायचा."

"शाळेसारखं?"

"शाळेसारखं."

"का म्याडम?"

इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच ‘का’ विचारलं होतं. "शिस्त," मी म्हटलं. तेवढं त्याला पुरलं, कारण शिस्त म्हटलं की माझ्याकडून काहीही येऊ शकतं, हे त्याला पटलेलं होतं. रोज तो पुकारायचा, हात वर व्हायचे, आणि मी एका कोपऱ्यात तापमानाचा तक्ता तपासल्याचं सोंग करून उभी राहायची. सुरुवातीला बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या. मग सवय झाली.

सोळा तारखेला सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि दारातच थबकले. टेबलं भिंतीला सरकवलेली, कागदी पताका लावलेल्या, आणि समोर तीस-पस्तीस बायका ठेवणीतली लुगडी, साड्या नेसून, गजरे माळून उभ्या. एकीच्याही तोंडावर टॉवेल नव्हता. मी एकेकीच्या चेहऱ्याकडे बघत गेले. एकही चेहरा ओळखीचा वाटेना. जणू दुसऱ्याच कुणाच्या लग्नात येऊन उभी राहिले होते.

शार्दूल सर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण, हसरे, बूट पांढरे शुभ्र. ईशानी मोबाइल समोर धरून चित्रण करत होती. आधी चहा आला. आणला तो शकुंतलानं, म्हणजे सात नंबरनं. ती सगळ्या बायकांची म्होरकी. ही शकुंतला, हे मला तिच्या आवाजावरून कळलं, कारण दुपारच्या सुट्टीत तो आवाज माझ्या केबिनपर्यंत यायचा.

"म्याडमला काठोकाठ भरून. लई आवडतो त्यास्नी," ती सरांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मी ग्लास तोंडाला लावला. गोड मिट्ट होता. सगळी शेड बघत होती. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

"आनखी आनू?" शकुंतलानं विचारलं. तिला बिचारीला वाटलं मी नाही म्हणेन आणि विषय संपेल.

"आण," मी म्हटलं.

मग उत्तम तो पाच गोष्टींचा कागद घेऊन पुढे आला. पहिली गोष्ट वाचली. सरांनी हसून बायकांना विचारलं, "प्रेमळ आहेत का मॅडम?"

"व्हय!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. शाळा तपासनीस आल्यावर वर्ग म्हणतो, तसंच.

दुसरी गोष्ट वाचताना उत्तमचा आवाज खाली खाली गेला. "म्याडमना शाळेत... लेझीममध्ये... पहिला नंबर."

"अरे वा!" सर उठून उभेच राहिले. "मग बघायलाच पाहिजे. लेझीम आहे का?"

उत्तमच्या जिवात जीव आला. "न्हाई सर! हितं कुठली लेझीम? बेदान्याचं युनिट हाय सर."

"माझ्या केबिनमध्ये आहे," मी म्हटलं. "खालच्या कपाटात. जा, घेऊन ये."

उत्तम माझ्याकडे बघतच राहिला. त्याचं तोंड उघडं होतं आणि ते मिटायचं त्याच्या ध्यानात येत नव्हतं. शेवटी शकुंतलानं त्याला ढकललं, तेव्हा तो पळाला.

मी पदर खोचला. लेझीम हातात घेतली आणि मनात यांचा आवाज लावला. खाली, वर, डावीकडे, उजवीकडे. पहिला फेरा बरोबर आला. दुसराही आला. बायकांमधून ‘आगं आई’ असा आवाज ऐकू आला. तिसऱ्या फेऱ्याला मी डावीकडे वळायच्या जागी उजवीकडे वळले, लेझीम पदरात अडकली आणि सगळं विसरले. खाली वाकले ती तशीच राहिले.

तेवढ्यात ढण्ण करून आवाज झाला. शकुंतलानं भिंतीकडचा पत्र्याचा रिकामा डबा उचलून त्यावर थाप मारली होती. "व्हा गं फुडं!" ती ओरडली. दोघीतिघींनी पदर खोचले, कुणी चाळण घेतली, कुणी सूप, आणि त्या माझ्या भोवती फेर धरून नाचायला लागल्या. मला पदर सोडवायला वेळ मिळाला. मग मी त्यांच्या पायांकडे बघत बघत पावलं टाकली आणि चांगली दमेपर्यंत नाचले. खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

उत्तमनं तिसरी गोष्ट वाचली. "आता विनोद," सर टाळ्या वाजवत म्हणाले.

मी घाम पुसला. "एक बाई पोपट विकत घ्यायला दुकानात जाते," मी सुरू केलं. बाई दुकानात गेली, पोपट बघितला, किंमत विचारली, सगळं नीट झालं. "आणि मग तो पोपट तिला म्हणतो..." मी म्हटलं, आणि पुढचं डोक्यातून पार गेलं. धापही लागली होती. "म्हणतो... काय बरं म्हणतो?"

मागे बसलेली एक म्हातारी फिस्सकन हसली, तिच्या शेजारची हसली, आणि बघता बघता सगळी शेड हसत सुटली. सरही हसले. मी तेवढी हसले नाही, कारण मी खरंच आठवत होते.

एवढ्यात ईशानीनं उत्तमच्या हातातला कागद चित्रणासाठी जवळून घेतला आणि ती मोबाइल खाली करून म्हणाली, "सर, एक मिनिट. इथे वर लिहिलंय, ‘मॅडमना कळू देऊ नये’. आणि खाली मॅडमची सही आहे."

हसणं थांबलं. सरांनी कागद घेतला, वर बघितलं, खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. उत्तमचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. आपण काय केलं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"म्हणजे मॅडम, हे सगळं तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"तुम्हीच मंजूर केलंत?"

"माझ्या सहीशिवाय इथून कागद जात नाही, सर."

"सर, चूक माजी हाय," उत्तम पुढे आला. "सवयीनं घातला सहीला."

सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. आता ते हसत नव्हते. "मॅडम, मी तीन तास गाडी चालवून आलोय, ते खरं काय ते बघायला. ठरवून बसवलेलं नाटक मला पुण्यातही बघता आलं असतं." त्यांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. "एक गोष्ट राहिली. मॅडमना सगळ्यांची नावं पाठ आहेत. चला, नाचता येतं तयारी करून. नावं सांगा."

बायका आपसूक रांगेत उभ्या राहिल्या. मी पहिलीसमोर गेले. गोरी, नाकात मोरणी, चाळिशीची. कोण ही? रोज पुकारलेली सगळी नावं माझ्या तोंडात होती आणि त्यातलं एकही त्या चेहऱ्यावर बसेना. दुसरीकडे बघितलं, तिसरीकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर पुण्याची केबिन आली, तिचा पंखासुद्धा दिसला. त्या पहिल्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू तिचाच पेपर अडलाय, आणि काळजीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

बोटाला! मी खाली बघितलं. अंगठ्याशेजारचं बोट, त्यावर भाजल्याचा जुना चट्टा.

"हात पुढे करा," मी म्हटलं. "सगळ्या जणी. दोन्ही हात."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि हात पुढे केले. एवढे हात, आणि सगळे माझ्या ओळखीचे! मला इतकं हायसं वाटलं की मी त्या पहिलीचा हात हातातच घेतला.

"आक्काताई," मी म्हटलं. "सोळा नंबर."

तिनं मान डोलावली.

"ही सुमन. डावखुरी आहे, हिच्यासाठी टोपली उजवीकडे ठेवावी लागते. ही नसीम. हिच्या करंगळीला काळा दोरा, काडी तर हिच्या हातून सुटतच नाही. ही मालन, मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन. ही रेश्मा, मेंदी उतरत आली, लग्नाला महिना झाला असेल. ह्या हिराबाई. रिकामे असले की हात थरथरतात, बेदाण्यात घातले की थरथरत नाहीत."

हिराबाई म्हणजे मघाशी पहिली हसलेली म्हातारी. तिनं आपले हात उलटसुलट करून बघितले, पहिल्यांदाच बघतेय तसे.

मी पुढे पुढे जात राहिले. एकदा चुकले. दोघी जावांचे हात सारखेच दिसायचे, बांगड्याही सारख्या. मी एकीला मंगल म्हटलं. "मंगल ती," ती म्हणाली, "मी विजया." शेवटी एक मुलगी उभी होती, हात मऊ, नखं लांब. हे हात मी कधी पाहिले नव्हते.

"तुझं नाव मला माहीत नाही," मी म्हटलं.

"कालच लागली म्याडम," ती घाबरून म्हणाली. "दीपाली."

"दीपाली, नखं काप. मणी फुटतात."

पाठीमागून सर मोठ्यानं हसले. मी वळले तेव्हा ते कागदाची घडी घालून खिशात ठेवत होते. "मॅडम, पुण्यात तुमच्यासाठी केबिन बघितली होती," ते म्हणाले. "ती दुसऱ्या कुणाला तरी देतो. हा कागद मात्र मी ठेवून घेतो. चालेल ना? का त्यालाही सही लागेल?"

"लागेल," मी म्हटलं. "गेट पास करावा लागेल." आणि उत्तम खरंच गेट पासचं पुस्तक आणायला धावला.

गाडी गेल्यावर शेडमध्ये आम्हीच उरलो. एरवी मी लगेच टेबलं जागेवर लावायला सांगितली असती. त्या दिवशी मी एका उलट्या खोक्यावर बसले. पायांत गोळे आले होते. शकुंतला चहाची किटली घेऊन समोर आली, मग काहीतरी आठवून तिनं ती बाजूला ठेवली आणि पाण्याचा तांब्या आणला.

"चहा सोसत न्हाई नव्हं?" ती म्हणाली.

"नाही."

"मग कशाला पेलीसा?"

"तुम्ही लिहिलं होतं." मी पाणी प्यायले. "कुणी लिहिल्या गं ह्या थापा?"

शकुंतला खाली बघायला लागली. उत्तम पुढे झाला. "म्याडम, ते पुन्याच्या फोनचं मला ऐकू आलं हुतं." केबिनच्या काचेतून आवाज बाहेर जात नाही, असा माझा इतकी वर्षं समज होता. "मी ह्यास्नी सांगटलं, म्याडमला हलवत्यात."

"मग सगळ्या बसलो दुपारी," शकुंतला म्हणाली. "म्हटलं चांगलं काय तरी ल्हिवूया. तर तुमच्याबद्दल कुनाला काय ठावंच न्हाई! किती डोकं खाजवलं. शेवटी म्हटलं, आपल्याला कशी बाई आवडली असती, तसं ल्हिवा. नाचनारी. हसनारी. नावानं हाक मारनारी."

"अशी दुसरी आली असती की," मी म्हटलं. "मला कशाला ठेवून घेता?"

"आवो, कडक हायसा, त्ये खरं. पन एकीला एक न् दुसरीला एक केलं न्हाई कदी. आन नवा मानूस आला आसता त्यो काय लेझीम खेळला आसता?"

माझे डोळे त्यांना दिसू नयेत म्हणून मी तांब्या तोंडाला लावला, तर तो रिकामा होता. हिराबाईंनी ते बघितलं, पण बोलल्या वेगळंच. "त्यो पोपट काय म्हनला मग?"

"खरंच आठवत नाही हो."

"आमच्या समद्यांची नावं सांगितलीसा," शकुंतला म्हणाली. "आता तुमचं सांगा की. दारावर नुसतं पी. आर. बोंद्रे हाय. आन सही बगून तर काय बी लागत न्हाई."

"माझं नाव?" मी म्हटलं. "ते तर तुम्हीच ठेवलंय. चार डिग्री."

उत्तम हळूच दाराच्या दिशेनं सरकला. शकुंतलानं पदर तोंडावर घेतला, आणि त्या पदराच्या आत ती हलायला लागली. मला वाटलं रडतेय. पण तिनं पदर काढला तेव्हा ती हसत होती. मग सगळ्याच हसल्या, एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. आणि ह्या खेपेला विनोद मीच केला होता, हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं.

"प्रमिला," आवाज शमल्यावर मी म्हटलं. "माहेरी पमा म्हणायचे."

पुढे काही वर्षांनी मी तिथूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हिराबाई काठी टेकत आल्या होत्या आणि त्यांनी पोपटाचं विचारलं. मी यांच्याकडून पाठ करून गेले होते, पण सांगितलं नाही.

पण हे पुष्कळ पुढचं. सतरा ऑक्टोबरला सकाळी मी नेहमीच्या वेळी शेडमध्ये गेले. पताका काढलेल्या, टेबलं जागेवर, सगळ्यांच्या तोंडावर टॉवेल, माना खाली. उत्तमची हजेरी चालू होती आणि हात वर होत होते. मी सात नंबरपाशी थांबले. ढिगात काड्या दिसत होत्या.

"शकुंतला," मी म्हटलं, "काड्या राहिल्यात."

तिनं मान वर केली नाही. बोटं चालूच होती.

"काढते की, पमाताई," ती म्हणाली.